बेनेटसाहेबांचं पासबुक

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. मी बी.कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहतो. जुळली तर पैसे, नाही जुळली तर भांडण. माझं परीक्षण काय ते एवढंच. वाङ्मयावरचे लेख मी अधूनमधून वाचतो, पण त्यांत ‘आशय’, ‘अभिव्यक्ती’ आणि ‘जाणिवा’ हे तीनच शब्द आलटून पालटून येतात. जाणिवांवर व्याज मिळत नसल्यामुळे माझं तिकडे फारसं लक्ष गेलेलं नाही.

खरं सांगायचं तर कादंबऱ्यांचं आणि माझं एका कारणावरून बिनसलेलं आहे. त्यांतले नायक महिनोन् महिने भटकतात, हॉटेलात राहतात, प्रेयसीला पत्रं लिहितात, पण खर्च कुठून भागवतात ते सांगत नाहीत. कुणी कुणाला पैसे दिले, की ते परत आले का, हे कळेपर्यंत मला पुढचं प्रकरण गोड लागत नाही. आणि लेखक तर बेधडक पुढच्या पौर्णिमेच्या रात्रीवर गेलेला असतो!

म्हणूनच जेन ऑस्टिनची गाठ पडली तेव्हा परमुलखात गाववाला भेटावा तसा आनंद झाला. त्याचं असं झालं, आमच्या मुलीला कॉलेजात ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ नेमलं होतं. तिने सिनेमा पाहून घेतला आणि पुस्तक टीपॉयवर टाकून दिलं. पैसे मोजून आणलेली वस्तू वापरावाचून पडलेली मला बघवत नाही. मी वाचायला घेतलं.

हे पुस्तक प्रसिद्ध झालं २८ जानेवारी १८१३ रोजी. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी, म्हणून १८११ ते १८२० त्याच्या मुलाने बापाच्या वतीने कारभार पाहिला, तो हा रीजन्सीचा काळ. म्हणजे मुख्य खातेदार असमर्थ आणि सह्यांचा अधिकार मुलाकडे. लोकांना या काळातले नाच, झालरीचे झगे आणि घोडागाड्या आठवतात. मला आठवतात ते आकडे. या बाईंच्या कादंबरीत माणूस दाराशी आला की आधी त्याचं उत्पन्न आत येतं. डार्सी नाचाच्या दालनात शिरला आणि पाच मिनिटांत सगळीकडे झालं, वर्षाला १०,००० पौंड! त्याचा मित्र बिंग्ली, वर्षाला चार-पाच हजार. पुढे एके ठिकाणी कळतं, की बिंग्लीच्या बापाने मागे सुमारे एक लाख पौंड ठेवले होते. मी लगेच पेन्सिल काढली. एक लाखावर चार टक्के म्हणजे चार हजार, पाच टक्के म्हणजे पाच हजार. हिशेब चोख! इतक्या प्रकरणांचं अंतर ठेवूनही बाईंची मुद्दल आणि व्याजाची गाठ सुटलेली नाही. आमच्या शाखेत नेमलं असतं तर बाई दोन वर्षांत हेडकॅशियर झाल्या असत्या.

रात्री जेवणं उरकली की मी हिला गोष्ट मराठीत करून सांगायचो. ही दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडत ऐकायची. पहिल्या दिवशी मी बेनेट कुटुंबाची ओळख करून दिली. हर्टफर्डशायरमधलं लाँगबोर्न नावाचं गाव. बेनेटसाहेब पुस्तकांच्या खोलीत बसून असतात. बेनेटबाई बडबड्या, जरा काही झालं की त्यांच्या नसांना त्रास होतो. घरात लग्नाच्या वयाच्या पाच मुली. शेजारच्या नेदरफील्ड बंगल्यात बिंग्ली हा श्रीमंत, अविवाहित भाडेकरू आला आहे. ‘तुम्ही जाऊन भेटून या, तुम्ही गेल्याशिवाय आम्हां बायकांना जाता येत नाही,’ म्हणून बाई नवऱ्याच्या विनवण्या करताहेत, आणि साहेब काही दाद देत नाहीत. बाई रडकुंडीला आल्यावर साहेब हळूच सांगतात, की मी केव्हाच भेटून आलो!

मी हे सांगून स्वतःच मोठ्याने हसलो. मला हा माणूस भलताच आवडला. मीही दिवाळी अंकांतून चार विनोदी लेख लिहितो. घरातल्या कटकटीवर एखादा शेरा मारून आपल्या कोपऱ्यात जाऊन बसणं हे मला परकं नाही. असा बाप, असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असंही मी म्हणालो.

ही मेथीची जुडी सोडवत होती. हसली नाही.

“पाच मुली म्हणालात ना?”

“हो, पाच.”

“मग त्यांच्या नावावर काय ठेवलंय त्याने?”

मी म्हटलं, “अगं, विनोदी कादंबरी आहे ही.” पण मनातून मी चपापलो. प्रश्न बँकेचा होता आणि तो मला सुचला नव्हता. ही मेथी धुवायला उठली, तसा मी कागद घेऊन बसलो. पुढल्या चार-सहा दिवसांत बेनेटसाहेबांचं जे पासबुक तयार झालं ते आता तुमच्यापुढे ठेवतो.

जमेच्या बाजूला इस्टेटीचं उत्पन्न, वर्षाला २,००० पौंड. स्वयंपाकीण, नोकरचाकर, गाडी ठेवून खाऊनपिऊन सुखी म्हणता येईल असं घर. पण ही इस्टेट बांधलेली. विकता येत नाही, मृत्युपत्राने देता येत नाही, साहेबांमागून ती घराण्यातल्या जवळच्या पुरुषवारसालाच जायची. तो वारस म्हणजे कॉलिन्स नावाचा पाद्री, दूरचा चुलतभाऊ. थोडक्यात, साहेबांचं उत्पन्न म्हणजे पेन्शन. साहेब असेपर्यंत चालू, साहेब गेले की बंद, आणि फॅमिली पेन्शनची तरतूद नाही. शिवाय राहतं घरही वारसाच्या ताब्यात.

बाईंच्या बाजूला, त्यांच्या वकील वडिलांनी ठेवलेले ४,००० पौंड. त्या वेळच्या इंग्लिश कायद्यात बाईचं लग्न झालं की तिची रोख रक्कम नवऱ्याची होत असे. हा कायदा तिकडे १८७० आणि १८८२ मध्ये बदलला. आपल्याकडे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८७४ चा. आजही त्याखाली नवऱ्याने बायकोमुलांच्या नावे विमा उतरवला तर सहसा नवऱ्याच्या देणेकऱ्यांचा हात त्याला लागत नाही. तेव्हा मात्र शहाणे वडील लग्नाच्या वेळी करारच लिहून घेत. तशा करारात बेनेटबाई आणि मुलं मिळून ५,००० पौंड बांधलेले होते. पाच मुलींत वाटणी केली तर प्रत्येकीला हजार, तेही आईवडिलांच्या मागे. हा आकडा कादंबरीत कोण सांगतो? कॉलिन्स! दुसऱ्या मुलीला, एलिझाबेथला, लग्नाची मागणी घालताना तो सांगतो, की तुझ्या वाट्याला काय ते चार टक्क्यांच्या रोख्यांतले हजार पौंड, तेही आई गेल्यावर; पण लग्नानंतर मी त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. प्रेमाच्या मागणीत व्याजाचा दर सांगणारा माझ्या वाचनातला हा एकटाच इसम. मुलीने त्याला नकार दिला हे योग्यच झालं, पण कागदपत्रं तपासून आलेला त्या घरातला तो एकमेव पाहुणा, हे नमूद करायला हवं.

आता ताळा पाहा. साहेब गेले की घर जाणार, दोन हजारांची आवक थांबणार, आणि सहा बायकांच्या पोटाला उरणार पाच हजारांवरचं चार टक्के व्याज, म्हणजे वर्षाला २०० पौंड. बरोबर एक दशांश.

आणि बचत? शून्य. कारण काय, तर लग्न झालं तेव्हा बचतीची गरजच नव्हती. मुलगा होणार हे गृहीत होतं. तो सज्ञान झाला की बाप आणि मुलगा मिळून इस्टेटीची बांधणी सोडवणार, आणि विधवेची, बाकीच्या मुलांची सोय होणार. एकामागून एक पाच मुली झाल्या. पाचवीनंतरही काही वर्षं बाईंना मुलगा होणार अशी खात्री होती. ती सुटली तोवर साहेबांच्या मते बचतीला उशीर झाला होता. लग्नाला तेवीस वर्षं झाल्याचं पहिल्याच प्रकरणात आहे. मी मांडून पाहिलं, दरवर्षी फक्त २०० पौंड चार टक्क्यांनी टाकले असते तर तेवीस वर्षांत ७,३०० पौंडांच्या वर रक्कम झाली असती. शंभरच टाकले असते तरी साडेतीन हजारांच्या पुढे. उत्पन्नाच्या विसाव्या हिश्शाची ही गोष्ट. पण बाईंना काटकसर ठाऊक नाही आणि साहेबांना फक्त एवढंच हवं, की कुणाचं कर्ज नको. त्यामुळे खर्च आणि उत्पन्न दरसाल बरोबर जुळत होतं.

या नवराबायकोत गैरसमज आहे तो इथेच. लोक म्हणतात, तो बुद्धिमान आणि ती मूर्ख, म्हणून त्यांचं जमत नाही. माझं मत वेगळं आहे. साहेब वाचतात ती रोकडवही. आज आलं, आज गेलं, शिल्लक जुळली, चला पुस्तकांच्या खोलीत. बाईंना दिसतो तो ताळेबंद. उद्याची देणी, सहा माणसं, छप्पर नाही. गंमत अशी, की बाईंना बेरीज येत नाही. इस्टेट बांधलेली म्हणजे काय, हे त्यांना मुलींनी अनेकदा समजावूनही कळलेलं नाही. तरी उत्तर त्यांचंच बरोबर आहे. ज्याला गणित येतं तो वही उघडत नाही, आणि जिला येत नाही तिला रात्री झोप नाही. त्या निद्रानाशाला त्या घरात ‘नसांचा त्रास’ असं नाव आहे.

एके ठिकाणी बाई काकुळतीला येऊन म्हणतात, तुम्ही गेल्यावर ती कॉलिन्सची बायको मला या घराबाहेर काढील. साहेब उत्तर देतात, एवढं वाईट कशाला मनात आणतेस, कदाचित मीच मागे राहीन! म्हणजे तूच आधी जाशील, मग प्रश्नच नाही. पहिल्या वाचनात मी इथेही हसलो होतो. दुसऱ्यांदा कागद समोर ठेवून वाचलं, आणि हसू आलं नाही. विनोद उत्तमच आहे. पण काउंटरवर एखाद्या बाईने ‘माझ्या ठेवीचं काय?’ म्हणून विचारावं आणि मी असं काही उत्तर द्यावं, तर शाखाधिकाऱ्यांनी माझी बदली केली असती, आणि ती योग्य ठरली असती.

बाईंची वकिली करायचा माझा विचार नाही. मोठी मुलगी जेन नेदरफील्डला जेवायला निघते, तर बाई तिला गाडी देत नाहीत, घोड्यावर पाठवतात. का, तर पाऊस येईल आणि मुक्काम पडेल! पाऊस येतो, मुक्काम पडतो आणि मुलगी तापाने अंथरूण धरते. पुढे नेदरफील्डच्या नाचात त्याच बाई जेवणाच्या टेबलावर जेनचं लग्न जमल्यातच जमा असल्याचं मोठ्याने सांगतात, आणि ते नेमकं डार्सी ऐकतो. जमत आलेलं स्थळ बाईंनीच मोडत आणलं. काळजी सोळा आणे खरी, पण वसुलीची पद्धत अशी की ऋणको पळून जावा.

मात्र या घराचं सर्वांत मोठं नुकसान बाईंनी केलेलं नाही. धाकटी लिडिया, सोळाही पुरी नाही, तिला पलटणीच्या मागे ब्रायटनला जायचं आहे. एलिझाबेथ बापाला सांगते, पाठवू नका. बाप म्हणतो, ती गेली नाही तर घरात शांतता लाभायची नाही. लिडिया जाते आणि विकम या कर्जबाजारी अधिकाऱ्याबरोबर पळते. मग लग्न लावायला पैसे कुणी द्यायचे? हजार पौंडांच्या वर विकमची देणी, आणखी हजार लिडियाच्या नावे, शिवाय पलटणीतली जागा विकत घेऊन द्यायची. हे सगळं डार्सी गुपचूप भरतो. बेनेटसाहेब समजतात, मेहुण्याने भरले. साहेबांना एकदा मनापासून लाज वाटते, पण ती फार दिवस टिकणार नाही, असं तेच सांगून टाकतात. हिशेबही करतात, लिडियाला वर्षाला शंभर द्यायचे ठरले तरी तिचं खाणंपिणं आणि हातखर्च वाचतो, तेव्हा तोटा जेमतेम दहा पौंडांचा. पाहा, गणित येत होतं! तेवीस वर्षांत पहिल्यांदा वही उघडली, ती मुलगी घरातून गेल्यावर.

आणि शेवटी पैसे डार्सीने दिले हे कळल्यावर? साहेब खूश. मेहुण्याचे असते तर फेडावे लागले असते. हा प्रेमात पडलेला जावई, ‘परत देतो’ म्हटलं की प्रेमाच्या शपथा घालून नको म्हणेल, प्रकरण मिटलं! थकीत कर्ज माफ झालं की आमच्या बँकेत काही खातेदारांच्या तोंडावर हाच आनंद दिसतो.

पण त्याच भेटीत, याच्या थोडंसं आधी, साहेब सबंध पुस्तकात क्वचितच बोलतात असं विनोद सोडून बोलतात. एलिझाबेथला अजून डार्सीची घमेंडच आठवत असेल असं समजून ते तिला विनवतात, की ज्याच्याविषयी तुला आदर वाटणार नाही अशा माणसाशी लग्न करू नकोस. ते दुःख मला बघायला लावू नकोस. हे दुःख त्यांना कुठून ठाऊक, ते सांगावं लागत नाही. तरुणपण आणि रूप पाहून त्यांनी लग्न केलं, आदर लवकरच संपला, आणि उरलेली वर्षं बायकोच्या वेडेपणावर हसत काढली. एलिझाबेथचं बापावर जीवापाड प्रेम, तरी मुलींसमोर आईची अशी टर उडवणं तिला नेहमीच खुपत आलेलं आहे. ऑस्टिनबाईंचा निकाल मला तिथे दिसतो. त्यांना साहेबांचा विनोद आवडतो, साहेब पसंत नाहीत.

उलट एलिझाबेथ आणि डार्सी यांचं जमतं, ते का? सगळे म्हणतात प्रेम. मी म्हणतो, रिकन्सिलिएशन. खातेदाराची वही आणि बँकेची वही जुळत नसेल तर दोन्ही समोरासमोर ठेवून फरक शोधतात, तसं. डार्सीची पहिली मागणी म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र: आपलं कुटुंब, नातेवाईक, लायकी यांत या या त्रुटी आहेत, तरीही मंजूर करण्यात येत आहे. ती अर्जच फाडून टाकते. मग तो लांबलचक पत्र लिहितो, त्यात आकडे आहेत. विकमला माझ्या वडिलांकडून मिळालेले हजार, पाद्र्याच्या जागेऐवजी मी दिलेले तीन हजार, आणि एवढं घेऊन माझ्या बहिणीच्या तीस हजारांवर ठेवलेला डोळा. एलिझाबेथ ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते, विकमच्या कहाणीशी नोंदीला नोंद जुळवते आणि चूक आपल्या वहीत सापडली तेव्हा कबूल करते. डार्सीही आपली कबूल करतो. बेनेट दांपत्याने तेवीस वर्षांत जे एकदा केलं नाही ते या दोघांनी लग्नाआधीच उरकलं. म्हणून मला त्या लग्नाची काळजी वाटत नाही. वर्षाला दहा हजार आहेत, म्हणूनही वाटत नाही, हे ओघाने आलंच.

हे सगळं ऑस्टिनबाईंना इतकं नेमकं कसं कळलं? १८०२ च्या डिसेंबरात एका इस्टेटीच्या वारसाने त्यांना मागणी घातली. बाईंनी संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी मोडला. १८०५ मध्ये वडील गेले, आणि आई व दोघी बहिणी भावांच्या मदतीवर आल्या. बेनेटबाईंची भीती त्यांनी स्वतःच्या घरात पाहिली होती. ही कादंबरी त्यांनी प्रकाशकाला ११० पौंडांना कायमची विकली. इच्छा दीडशेची होती. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तिचा नफा प्रकाशकाचा. त्यांचा भाऊ हेन्री बँक चालवत होता, ती १८१६ मध्ये बुडाली. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बाई गेल्या. ज्यांना पै-पै मोजावी लागते त्यांना पैशाचा विनोद करता येतो. बेनेटसाहेबांचा विनोद मात्र न मोजणाऱ्याचा आहे.

गोष्ट संपली त्या रात्री ही म्हणाली, “म्हणजे ती बाई वेडी नव्हती.”

“वेडी होती. पण काळजी खरी होती.”

“हं,” ही म्हणाली. मग गवारीच्या शिरा काढता काढता तिने विचारलं, “अहो, तुमच्या त्या जुन्या खात्याला नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे?”

‘मी इतक्यात कुठे चाललोय?’ हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण हा विनोद १८१३ सालीच होऊन गेला आहे, आणि माझ्यापेक्षा बराच चांगला, हे वेळेवर आठवलं. नॉमिनी माझी आई आहे. नोकरीला लागलो तेव्हा, लग्नाआधी, भरलेलं नाव. आईला जाऊन आठ वर्षं झाली. काउंटरवर दिवसातून वीस माणसांना मी विचारतो, “नॉमिनी भरलाय का?”

मी खरं ते सांगितलं. ही काही बोलली नाही. गवार संपेपर्यंत मीही कुठला शेरा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच शाखेत, माझ्याच काउंटरवर, फॉर्म भरून दिला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तो घेतला, पडद्यावरचा नमुना पाहिला, पुन्हा फॉर्म पाहिला आणि ओशाळून म्हणाली, “सर, सही जुळत नाहीये.” वीस वर्षांत माझी सही बदलली होती आणि मला पत्ता नव्हता. साहेबांकडे जाऊन नवा नमुना द्यावा लागला, तेव्हा कुठे फॉर्म पुढे सरकला.

संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं, तर ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बेनेटसाहेबांच्या एकाही विनोदाला ती हसली नव्हती.